इतिकादखान आणि जुल्फिकारखान : एका किताबाची हकीकत

आपल्या संघाने कुलवृत्तांताचे काम हाती घेतल्यापासून महाड व पोलादपूर या दोन्ही तालुक्यांतील कित्येक कुटुंबांनी आपापल्या घरचे जुने कागद मोठ्या विश्वासाने आमच्या स्वाधीन केले. कोणी माळ्यावरच्या पेटीतून काढून दिले, कोणी देव्हाऱ्यामागच्या फडताळातून. त्यांपैकी एका कागदाच्या बाबतीत आमच्या हातून चूक झाली. ती कबूल करावी आणि तिच्या निमित्ताने ज्या विषयाचा आम्हांस नव्याने अभ्यास करावा लागला तो सभासद बंधुभगिनींपुढे ठेवावा, म्हणून हा लेख लिहीत आहोत.

कागद होता एका कैफियतीची मोडी नक्कल. सालाचा ठिकाणा नव्हता. आपले पूर्वज सावित्रीकाठचे गाव सोडून परागंदा का झाले हे सांगताना लिहिणाराने असे म्हटले होते की, जुल्फिकारखानाने रायगडास वेढा घातला त्या धामधुमीत मुलुख उजाड झाला, सबब वडिलांनी गाव सोडले. आम्ही शाळेत शिकलो ते असे की संभाजीमहाराजांच्या वधानंतर रायगड इतिकादखानाने घेतला. त्या ज्ञानाच्या भरवशावर आम्ही नकलेच्या टाचणावर ‘सरदाराचे नाव चुकीचे, कागद विश्वसनीय नाही’ असा शेरा मारला आणि कागद परत केला. तो आणून देणारे वृद्ध गृहस्थ काही बोलले नाहीत. मात्र त्यानंतरच्या मेळाव्यास ते आले नाहीत, हे आमच्या ध्यानात आहे.

वस्तुस्थिती ही की इतिकादखान आणि जुल्फिकारखान हा एकच मनुष्य होय. आणि त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे या दोहोंपैकी एकही त्याचे नाव नव्हे. आईबापांनी ठेवलेले त्याचे नाव मुहंमद इस्माईल. बाकीचे दोन्ही बादशाही किताब आहेत, आणि त्यांतला दुसरा त्याला आपल्याच रायगडाने मिळवून दिला.

येथे प्रथम ‘किताब’ या शब्दाविषयीच दोन शब्द सांगितले पाहिजेत. अरबीत दोन निराळे शब्द आहेत. ‘किताब’ म्हणजे लिहिलेले, पुस्तक. आणि ‘खिताब’ म्हणजे संबोधन, एखाद्यास उद्देशून बोलणे. पदवी या अर्थाचा शब्द तो दुसरा. मराठीच्या तोंडी ‘ख’ चा ‘क’ झाला आणि पदवी व पुस्तक एकाच रूपात येऊन बसली. म्हणून पूर्वी अमक्यास किताब मिळाला असे म्हटले म्हणजे त्याला पोथी मिळाली की पदवी, हे संदर्भावरून ओळखावे लागे. मूळ अर्थ ध्यानात घेतला तर एक गोष्ट उघड होते. खिताब म्हणजे धन्याने सेवकास ज्या शब्दाने हाक मारावयाची तो शब्द. त्या दिवसापासून दरबारात, फर्मानात, अखबारात त्या मनुष्याचा उल्लेख त्याच शब्दाने व्हावयाचा. मूळ नाव घरात उरे, बाहेर नाहीसे होई. आज आपणांस अफजलखान, शायिस्ताखान, मुकर्रबखान ही माणसांची नावे वाटतात याचे कारण हेच.

प्रतापगडाच्या पायथ्याचेच उदाहरण घेऊ. पोलादपुराहून आंबेनळीचा घाट चढताना जो गड दिसतो त्याच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी जो सरदार मारला गेला त्याचे नाव अब्दुल्ला होते. ‘अफजल’ म्हणजे सर्वांत श्रेष्ठ. ‘फाजिल’ या विशेषणाची ती चढती पायरी होय. आदिलशाही कागदांत त्याचा उल्लेख ‘अफजलखान महमदशाही’ असा येतो. यातले ‘महमदशाही’ हे आडनाव नव्हे. मुहंमद आदिलशहाने वाढविलेला, त्याचा माणूस, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे या चार-पाच शब्दांत पदवी आहे, पदवी देणाराचे नाव आहे; नाही ते फक्त पदवी घेणाराचे नाव. पुण्याच्या लाल महालात ज्याची बोटे तुटली त्या शायिस्ताखानाचे नाव अबू तालिब. ‘शायिस्ता’ म्हणजे योग्य, सभ्य, लायक. १६८९ च्या फेब्रुवारीत ज्याने संगमेश्वरी संभाजीमहाराजांस पकडले तो मुकर्रबखान म्हणजे हैदराबादचा शेख निजाम. ‘मुकर्रब’ म्हणजे जवळ केलेला, निकटचा. त्या कामगिरीबद्दल त्याला ‘खान जमान फत्तेजंग’ असा आणखी मोठा किताब मिळाला. तेव्हा त्या एका वर्षात मराठ्यांवर आलेल्या दोन संकटांनी मोगल दरबारातील दोन माणसांची नावे बदलली. पहिला मुकर्रबखान आणि दुसरा आमचा हा इतिकादखान.

या सर्व किताबांच्या शेपटास जो ‘खान’ आहे त्याचा प्रवासही मनोरंजक आहे. आपल्याकडे खान म्हटले की पठाण डोळ्यांपुढे उभा राहतो. पण हा शब्द मुळात पठाणांचा नव्हे, अरबीही नव्हे. तो मध्य आशियातील तुर्क व मंगोल टोळ्यांचा. तेथे खान म्हणजे स्वतंत्र राजा, आणि खानांचा खान तो खाकान. चंगीझखान हा मुसलमान नव्हता हे पुष्कळांस ठाऊक नसते. चंगीझाच्या वंशाबाहेरच्याने खान म्हणवून घेऊ नये असा तिकडे दंडक होता. म्हणून एवढा मोठा तैमूर, पण तो आयुष्यभर ‘अमीर’ आणि चंगीझवंशाचा जावई या अर्थाचा ‘गुरगान’ एवढ्यावरच समाधान मानून राहिला. दिल्लीच्या सुलतानांच्या काळी हा शब्द हिंदुस्थानात उतरला तो राजाचा न राहता उमरावांतील सर्वांत वरच्या पायरीचा झाला. खालून सरखेल, सिपाहसालार, अमीर, मलिक आणि सर्वांवर खान अशी ती उतरंड होती. पुढे तैमूरच्याच वंशातील बाबराने १५०७ साली ‘पादशाह’ ही पदवी घेतली. जी पदवी धारण करण्याची छाती तैमुरास झाली नाही ती त्याचे वंशज आपल्या चाकरांस वाटू लागले. पादशहा हा खानांच्याही वर आहे, हे जगास दाखविण्याची याहून सोपी युक्ती नव्हती, असे आम्हांस वाटते.

जाता जाता सांगावयास हरकत नाही की ‘उमराव’ हा ‘अमीर’ या शब्दाचा अनेकवचनी अवतार आहे आणि ‘नवाब’ हाही मुळात ‘नायब’ शब्दाचे अनेकवचन. आदरार्थी बहुवचनाची आवड असलेल्या आपल्या मराठीने दोन्ही एकवचनी करून टाकले. मुरुड-जंजिऱ्याचे सिद्दी पुढे नवाब म्हणवीत; त्यांच्या मूळच्या ‘सिद्दी’ शब्दातही ‘सय्यदी’, म्हणजे ‘माझे धनी’, असे संबोधनच दडलेले आहे. रायगड मोगलांच्या हाती गेल्यावर पुढे तो याच सिद्द्यांकडे सोपविण्यात आला. त्या काळचा जंजिरेकर सिद्दी कासिम हा औरंगजेबाच्या दप्तरी ‘याकूतखान’ होता. याकूत म्हणजे माणिक.

आता मूळ हकीकतीकडे वळू. ११ मार्च १६८९ रोजी संभाजीमहाराजांचा वध झाला. त्यापूर्वीच रायगडावर राजाराममहाराजांस गादीवर बसविण्यात आले होते. मार्चच्या अखेरीस इतिकादखानाने गडास वेढा घातला. येसूबाईंनी धीर करून राजारामांस बाहेर काढले. ५ एप्रिल रोजी ते गडावरून निसटून प्रतापगडाकडे गेले. पाचाड, महाड, बिरवाडी, पोलादपूर हा सारा टापू त्या दिवसांत दोन सैन्यांच्या मधे सापडला होता. आपल्या भागातील पाऊस कसा असतो हे वाचकांस सांगणे नको. सावित्री आणि गांधारी भरून वाहू लागल्या म्हणजे आजही महाडात होड्या चालवाव्या लागतात. तसला एक संबंध पावसाळा वेढा गडाभोवती राहिला, आणि तो संपल्यावर त्या वर्षाच्या अखेरीस गड मोगलांच्या हाती गेला. बखरींत सूर्याजी पिसाळाच्या फितुरीची आणि त्याला दाखविलेल्या वाईच्या देशमुखीच्या आमिषाची कथा आहे ती याच वेळची. येसूबाई आणि सात वर्षांचे शाहू बंदीत पडले. गडाचे नाव ‘इस्लामगड’ झाले. मोगल तवारिखांत मात्र तो पुष्कळदा ‘राहेरी’ या जुन्याच नावाने येतो.

या विजयाची बातमी घेऊन सरदार बादशहापुढे गेला तेव्हा त्याचा ‘इतिकादखान’ गेला आणि ‘जुल्फिकारखान बहादूर’ आला. ‘इतिकाद’ म्हणजे श्रद्धा, भरवसा. ‘जुल्फिकार’ हे तर एका तलवारीचे नाव आहे. अरबीत ‘जू’ म्हणजे असलेला, धारण करणारा; ‘फकार’ म्हणजे पाठीच्या कण्याचे मणके, किंवा तशा खाचा. जिच्या पात्यावर कण्यासारख्या खाचा आहेत ती जुल्फिकार. इस्लामी परंपरेप्रमाणे ही तलवार इ. स. ६२४ मध्ये बद्रच्या लढाईत पैगंबरांस मिळाली आणि पुढे त्यांचे जामात हजरत अली यांच्याकडे आली. मोहरमच्या निशाणांवर दोन टोकांची तलवार काढलेली आपण पाहतो ती हीच. तेव्हा रायगडच्या विजेत्याला अलींच्या तलवारीचे नाव मिळाले. त्याच्या बापाचा किताब ‘असदखान’. असद म्हणजे सिंह, आणि ‘देवाचा सिंह’ हे अलींचेच बिरुद. हे घराणे इराणी. त्याच्या दोन पिढ्यांचे दोन्ही किताब अलींकडे बोट दाखवितात, ही गोष्ट मौजेची खरी.

परंतु यात आणखी एक आतली खूण आहे, ती आमच्या मते अधिक महत्त्वाची. असदखानाचा बाप, म्हणजे या इस्माईलचा आजा, इराणातून हिंदुस्थानात आलेला करामानलू घराण्यातील सरदार, याचाही किताब जुल्फिकारखान हाच होता. तेव्हा रायगड घेतल्यावर बादशहाने जे दिले ते नवे नव्हते. आजोबांचे नाव नातवास परत दिले. आपल्याकडे नातवास आजोबांचे नाव ठेवण्याची चाल आहे, तिची कोणास आठवण व्हावी. फरक एवढाच की आपल्याकडे ते नाव घरातला वडीलधारा ठेवतो आणि तेथे ते बादशहाच्या मर्जीवर असे. मोगलांत किताब वंशपरंपरा नसे. मनुष्य मेला म्हणजे त्याची दौलत जशी सरकारजमा होई तसा किताबही सरकारात परत जाई आणि मर्जी होईल त्यास मिळे. ‘इतिकादखान’ हाच किताब पाहा. आमच्या सरदाराने तो १६८९ साली मागे टाकला. पुढे फर्रुखसियर बादशहाच्या कारकीर्दीत तो मुहंमद मुराद नावाच्या एका काश्मिरी मर्जीतल्या माणसाच्या वाट्यास आला. दोघांत रक्ताचा संबंध काही नाही. म्हणून दोन कागदांत एकच किताब दिसला म्हणजे एकच माणूस, असे मानता येत नाही. आणि दोन किताब दिसले म्हणजे दोन माणसे असेही नाही. आम्ही फसलो ते या दुसऱ्या ठिकाणी.

हा घोटाळा त्या काळच्या लोकांसही जाणवत असला पाहिजे. मोगल उमरावांची सातशेहून अधिक चरित्रे ज्यात आहेत तो ‘मआसिर-उल्-उमरा’ हा ग्रंथ अठराव्या शतकात शाहनवाजखान याने रचला. त्यात माणसे लावली आहेत ती किताबांच्या अनुक्रमाने. माणूस हुडकावयाचा तर आधी त्याचा किताब ठाऊक पाहिजे. खुद्द ग्रंथकाराचे नाव अब्दुर्रज्जाक. शाहनवाजखान हा किताब, आणि ‘समसामुद्दौला’ हा त्याच्यावरचा. समसाम म्हणजेही तलवारच. औरंगाबादेस १७५८ साली त्याचा खून झाला.

हेच ‘समसामुद्दौला’ पद आमच्या जुल्फिकारखानासही पुढे मिळाले होते. औरंगजेबाच्या हयातीत तो ‘नुसरतजंग’ झाला, बहादूरशहाच्या कारकीर्दीत ‘समसामुद्दौला’ आणि ‘अमीर-उल्-उमरा’ झाला, व १७१२ मध्ये जहांदारशहाचा वजीर झाला. जिंजीच्या वेढ्यात राजाराममहाराजांच्या पाठीमागे आठ वर्षे खपला तोही हाच. १६९८ च्या आरंभी जिंजी पडली, पण राजाराम त्याही वेढ्यातून आधीच निसटले होते. दोन वेढे पडले, दोन गड गेले आणि राजा दोन्ही वेळा हातचा सुटला! यावरून तो मराठ्यांशी आतून मिळून होता असा प्रवाद त्याच्या हयातीतच उठला होता.

तथापि या मनुष्याच्या चरित्रातील आम्हांस चटका लावणारा भाग निराळाच आहे. १६८९ मध्ये ज्या सात वर्षांच्या मुलाला त्याने रायगडावरून छावणीत नेले, त्याच मुलाला सोडून द्यावे असा सल्ला अठरा वर्षांनी त्यानेच दिला. मार्च १७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगरास वारला. आजमशहा गादीसाठी उत्तरेकडे धावला, तेव्हा शाहूला मोकळे करावे, म्हणजे मराठ्यांत आपसांत दुफळी होऊन दक्षिणेची काळजी मिटेल, असा विचार जुल्फिकारखानाने मांडला व त्याप्रमाणे १७०७ च्या मे महिन्यात शाहूमहाराज सुटले. यात दया किती आणि डावपेच किती हे ज्याचे त्याने ठरवावे. पुढे बहादूरशहाच्या दरबारी चौथाई-सरदेशमुखीचा प्रश्न निघाला तेव्हा शाहूंची बाजू जुल्फिकारखानाने घेतली आणि ताराबाईंची वजीर मुनीमखानाने, हेही नमूद आहे. येसूबाई मात्र १७१९ पर्यंत कैदेतच होत्या. त्या परत आल्या तेव्हा त्यांना रायगडावरून नेणारा सरदार जगात नव्हता. १७१३ च्या आरंभी फर्रुखसियरच्या आज्ञेने त्याला ठार मारण्यात आले. किताब देणारी गादी तीच, घेणारीही तीच.

येथे कोणी विचारील की हे सगळे परक्या दरबारचे. आपल्या घराण्यांशी याचा संबंध काय? संबंध आहे. रायगडासमोरच्या सह्याद्रीत जावळीचे मोरे होते. त्यांचा ‘चंद्रराव’ हा किताब विजापूरकरांचाच, आणि तोही मनुष्याचे नाव गिळून बसला. जावळीच्या गादीवर येईल तो चंद्रराव. त्यामुळे कोणता चंद्रराव कोणता, हे लावताना इतिहासकारांस आजही श्रम पडतात. १६५६ च्या जानेवारीत शिवाजीमहाराजांनी जावळी घेतली तेव्हा चंद्रराव पळून आला तो रायरीवर, म्हणजे पुढच्या रायगडावर. त्याच गडावर १६७४ साली राज्याभिषेक झाला आणि पेशव्याचे मुख्य प्रधान, मुजुमदाराचे अमात्य, सुरनिसाचे सचिव, वाकनिसाचे मंत्री, डबिराचे सुमंत, सरनोबताचे सेनापती झाले. रघुनाथ नारायण हणमंते यांजकडून राज्यव्यवहारकोश करविला गेला. परभाषेतील पदव्या ज्या गडाने उतरविल्या त्याच गडाने पंधरा वर्षांनी एका मोगल सरदारास फार्सी किताब मिळवून द्यावा, हा योगायोग चमत्कारिक आहे.

तरी या बाबतीत आपण फार अभिमान मिरवू नये असे आम्हांस वाटते. राजारामांच्या काळी औरंगजेबाच्या छावणीवर छापा घालून ज्यांनी डेऱ्याचे सोन्याचे कळस आणले त्या घोरपडे बंधूंस जे किताब मिळाल्याचे बखरकार सांगतो ते काय होते? संताजीस ‘ममलकतमदार’, बहिर्जीस ‘हिंदुराव’, मालोजीस ‘अमीर-उल्-उमराव’; आणि विठोजी चव्हाणास ‘हिंमतबहाद्दर’. शत्रूच्या डेऱ्याचे कळस आणले, पण पराक्रमास नाव द्यावयास शब्द त्याच दरबारचे लागले. आपल्या संघाच्या सभासदांची यादी चाळली तरी चिटणीस, सबनीस, पोतनीस, कारखानीस, मुजुमदार हीच नावे डोळ्यांपुढून जातात. आपली आडनावे राज्यव्यवहारकोशाला बधली नाहीत.

पेशवाईत महाडास असल्या किताबांची वर्दळ पुन्हा एकदा झाली. १७९६ साली नाना फडणीस महाडास येऊन राहिले असता निजामाशी जो करार झाला तो ‘महाडचा तह’ म्हणून प्रसिद्ध आहे. निजामाचा दिवाण मुशीर-उल्-मुल्क. ‘मुशीर’ म्हणजे सल्लागार. हैदराबादेत तोवर किताबांच्या पायऱ्या ठरून गेल्या होत्या : खान, त्यावर जंग, त्यावर दौला, त्यावर मुल्क, त्यावर उमरा, आणि शेवटी जाह. चंगीझाचा ‘खान’ आता सगळ्यांत खालच्या पायरीवर होता. इंग्रजांनी त्याला ‘बहादूर’ जोडून खानबहादूर केले आणि त्याच्या शेजारी रावबहादूर व रावसाहेब आणून बसविले. १९५० च्या राज्यघटनेच्या अठराव्या कलमाने असले किताब देण्याची चाल बंद झाली. आपल्या कित्येक घरांत आजोबांच्या तसबिरीखाली ‘रावसाहेब’ ही अक्षरे अद्याप वाचावयास मिळतात.

कुलवृत्तांताच्या छापील तक्त्यात ‘घराण्यास मिळालेले किताब’ असा एक रकाना आम्ही ठेवला आहे. तो भरताना सभासदांनी किताब कोणी दिला, कोणत्या साली दिला आणि तो देहापुरता होता की वंशपरंपरा, हे कागद पाहून लिहावे. नुसते ‘आमच्या घराण्यास अमुक किताब आहे’ एवढ्यावरून काही कळत नाही. उलट एखाद्या कागदाचा काळ ठरविण्यास मात्र किताब फार उपयोगी पडतो. १६८९ च्या उन्हाळ्यातला म्हणून एखादा कागद पुढे आला आणि त्यात वेढा घालणारास ‘जुल्फिकारखान’ म्हटलेले असले, तर तो कागद मागाहून केला आहे असे समजावे. कारण गड पडेपर्यंत तो किताब त्याला मिळालाच नव्हता. पण मागील हकीकत सांगणाऱ्या कैफियतीत तो किताब आला तर तेथे वावगे काही नाही. लिहिणाराने आपल्या काळी जे नाव लोकांच्या तोंडी होते तेच लिहिले.

आम्ही परत केलेला कागद या दुसऱ्या जातीचा आहे. त्याच्या टाचणावरचा आमचा शेरा आम्ही खोडला आहे. गेल्या चैत्रात आम्ही त्या गृहस्थांच्या घरी जाऊन कागद पुन्हा मागितला. त्यांनी आधी पाणी दिले, मग चहा, आणि मग तोच रुमाल आणून पुढे ठेवला. आमच्या शेऱ्याचे टाचण अजून त्याला लावलेलेच होते. नकलेचे बालबोध लिप्यंतर झाले असून ती कुलवृत्तांताच्या पहिल्या भागात छापली जाईल.